मुंबईहून वारज्याला येताना... दोन शहरांच्या खर्चाचा ताळा कसा मांडावा?

रविवारी संध्याकाळी मुंबई-बंगळूर महामार्गावरील वारज्याच्या पुलाजवळ मुंबईकडे जाणाऱ्या बसची वाट पाहणाऱ्यांची गर्दी असते. त्यात नातेवाईकांना भेटून परतणारे असतात, तसेच आणखी एका प्रकारचे प्रवासीही असतात. त्यांचे कुटुंब वारज्यात राहते आणि नोकरी मात्र मुंबईतच राहिली आहे. ‘पुण्यात घर स्वस्त पडते’ या एका वाक्यावर निर्णय झालेला असतो आणि त्याचा उरलेला हिशेब नंतर, दर शनिवारी व रविवारी, प्रवासाच्या रूपाने फेडावा लागतो.

शहर बदलणे हा मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यातील घर घेण्याइतकाच मोठा आर्थिक निर्णय होय. घर घेताना कागदपत्रे तपासली जातात, वकिलाचा सल्ला घेतला जातो. शहर बदलताना मात्र एखाद्या आप्ताचा अनुभव किंवा ‘अमुक शहर तमुक शहरापेक्षा इतके टक्के स्वस्त’ असा ऐकीव आकडा पुरेसा मानला जातो. हा आकडा कोठून येतो, तो एखाद्या विशिष्ट कुटुंबाला कितपत लागू पडतो आणि त्याऐवजी काय करावे, याचा विचार म्हणूनच अगत्याचा ठरतो.

निर्देशांक काय सांगतो आणि काय सांगत नाही

जीवनमानाचा खर्च मोजण्याची महाराष्ट्राची परंपरा जुनी आहे. तत्कालीन मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१च्या सुमारास कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी हाती घेतली आणि राहणीमानाच्या खर्चाचा निर्देशांक काढण्यास प्रारंभ केला. पुण्यात १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी पुणे शहराची जी सामाजिक-आर्थिक पाहणी केली, तिचा पहिला भाग १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. आज औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक केंद्र सरकारचा श्रम ब्यूरो दरमहा जाहीर करतो. २०१६ हे पायाभूत वर्ष धरून देशातील ८८ केंद्रांसाठी तो काढला जातो. मुंबई आणि पुणे या दोहोंचा त्यात समावेश आहे.

साहजिकच, दोन्ही केंद्रांचे आकडे शेजारी ठेवावेत आणि कोणते शहर महाग ते ठरवावे, असे कोणालाही वाटेल. नेमकी येथेच गफलत होते. प्रत्येक केंद्राचा निर्देशांक त्या केंद्राच्या स्वतःच्या २०१६ मधील किमतींना १०० मानून काढलेला असतो. पुण्याचा आकडा मुंबईपेक्षा अधिक असेल, तर त्याचा अर्थ २०१६ नंतर पुण्यातील किमती अधिक वेगाने वाढल्या, एवढाच. पुणे मुंबईपेक्षा महाग आहे, असा तो होत नाही. दोन मुलांची उंची गेल्या पाच वर्षांत किती वाढली हे ठाऊक असले, तरी त्यांच्यातील उंच कोण हे त्यावरून कळत नाही. तसाच हा प्रकार आहे. एका शहरातील महागाईचा वेग जाणण्यासाठी निर्देशांक उपयुक्त आहे. दोन शहरांची पातळी ताडून पाहण्यासाठी नाही.

दोन शहरांची थेट तुलना करणाऱ्या जागतिक पाहण्याही आहेत. ‘मर्सर’ या सल्लागार संस्थेची पाहणी त्यांत प्रसिद्ध असून, तिच्या यादीत मुंबई आणि पुणे ही दोन्ही शहरे असतात. मात्र ती पाहणी न्यू यॉर्कला आधार मानून आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांनी परदेशी पाठविलेल्या कर्मचाऱ्यांचा खर्च डोळ्यांपुढे ठेवून केलेली असते. डोंबिवलीहून वारज्याला येणाऱ्या चौघांच्या कुटुंबाची टोपली आणि त्या अधिकाऱ्याची टोपली यांत साम्य ते किती असणार?

सरासरीतही एक खोच असते. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत शहरी भागातील दरडोई मासिक खर्च ६,९९६ रुपये आढळला. त्यात अन्नाचा वाटा सुमारे ४० टक्के होता, तर भाड्याचा वाटा जेमतेम साडेसहा टक्के. भाड्याने राहणाऱ्या कोणाही नोकरदाराला हा आकडा अविश्वसनीय वाटेल. कारण स्पष्ट आहे. या सरासरीत स्वतःच्या घरात राहणारी आणि भाड्यापोटी काहीही न देणारी कुटुंबे मोठ्या संख्येने मिसळलेली आहेत. नव्या शहरात जाणारे कुटुंब मात्र बहुधा भाडेकरू म्हणूनच जाते आणि त्याच्या जमाखर्चात भाडे हीच पहिली ओळ असते.

काय सारखे, काय वेगळे

दोन शहरांतील फरक समजून घेण्याची एक सोपी कसोटी आहे. जी वस्तू ट्रकमध्ये घालून नेता येते, तिची किंमत दोन्हीकडे जवळपास सारखी असते. जी नेता येत नाही, तिची किंमत वेगळी असते.

साबण, चहा, औषधे, बिस्किटे, मोबाइल, कपडे यांची छापील किंमत दादरलाही तीच आणि वारज्यातही तीच. पूर्वी जकातीमुळे थोडाफार फरक पडे. पुण्यातील जकात २०१३ मध्ये गेली, मुंबईतील जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर संपली. घरगुती गॅस सिलिंडरच्या दरात काही रुपयांचा फरक असतो. भाजीपाला जुन्नर-नारायणगावच्या पट्ट्यातून पुण्याच्या मार्केट यार्डातही जातो आणि वाशीच्या बाजारातही. पुणे त्या मानाने जवळ असले, तरी महिन्याच्या एकूण खर्चात त्या बचतीने मोठी उलथापालथ होत नाही. तात्पर्य, वाणसामानाच्या यादीवरून शहराची निवड करणे व्यर्थ आहे.

जमीन मात्र हलविता येत नाही, म्हणून घरभाडे वेगळे. माणसाचे श्रम ज्या गावात तो राहतो तेथेच विकले जातात, म्हणून धुणी-भांडी, स्वयंपाक, पाळणाघर, शिकवणी, केशकर्तन यांचे दर वेगळे. आणि वेळ तर साठवूनही ठेवता येत नाही. प्रवासात जाणारा वेळ हा दोन शहरांमधील सर्वांत मोठा, पण वहीत न लिहिला जाणारा फरक होय. जागा, श्रम आणि वेळ या तीन गोष्टींभोवतीच तुलनेचा सारा प्रश्न फिरतो.

‘मुंबई’ म्हणजे कोणती मुंबई?

तुलनेतील आणखी एक चूक म्हणजे शहराची शहराशी तुलना. माणूस शहरात राहत नाही, तो उपनगरात, रस्त्यावर, इमारतीत राहतो. अंधेरी आणि डोंबिवली या दोन्ही ठिकाणचे रहिवासी स्वतःला बाहेरगावी ‘मुंबईकर’च म्हणवितात, पण त्यांचे घरभाडे, प्रवास आणि वीजबिल देणारी कंपनीही वेगवेगळी असते. अंधेरीत वीज खासगी कंपनीची, डोंबिवलीत महावितरणची. वारज्यातही महावितरणच आहे. त्यामुळे डोंबिवलीकराला विजेचा दर बदलल्याचे जाणवणारही नाही. अंधेरीकराने मात्र महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने दोन्ही कंपन्यांना ठरवून दिलेले दर एकदा ताडून पाहावेत.

वारज्याचेही तसेच. हे गाव १९९७ मध्ये पुणे महापालिकेत आले. एका बाजूस कर्वेनगर-कोथरूड, दुसऱ्या बाजूस शिवणे-उत्तमनगर, खाली मुठा नदी आणि मधून महामार्ग, अशी त्याची ठेवण. महामार्गालगतच्या नव्या संकुलांतील घर, माळवाडीतील जुन्या इमारतीतील घर आणि गणपती माथ्याच्या पुढे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या रस्त्यावरील घर, यांची भाडी एकसारखी नसतात. थोडे पुढे गेले की शिवणे-उत्तमनगर लागते. ही गावे महापालिकेत २०१७ मध्ये आली. ‘वारज्याजवळ’ असे जाहिरातीत म्हटलेले घर प्रत्यक्षात कोठे आहे आणि तेथे पाणी, रस्ता, बस यांची स्थिती काय आहे, हे पाहिल्यावाचून भाड्याच्या आकड्याला अर्थ नाही.

एक मांडलेला हिशेब

हे सारे आकड्यांत कसे दिसते, हे समजण्यासाठी एका कुटुंबाचा हिशेब मांडून पाहता येईल. पती-पत्नी दोघेही नोकरीत, दोन शाळकरी मुले, दोन खोल्या आणि दिवाणखान्याचे भाड्याचे घर. पुढील रक्कम बाजारभावाची नोंद नसून मांडणी स्पष्ट व्हावी म्हणून गृहीत धरलेली आहे. वाचकांनी त्या जागी स्वतःचे आकडे घालावेत.

समजा, हे कुटुंब अंधेरीत राहते. भाडे ४२,००० रुपये, किराणा-दूध-भाजी १६,५००, लोकल-बस-रिक्षा ३,५००, वीज-गॅस-फोन ४,५००, शाळा ११,०००, घरकामाची मदत ४,५०० आणि औषधोपचार २,५००. बेरीज ८४,५०० रुपये. हेच कुटुंब डोंबिवलीत असते, तर भाडे २०,०००, किराणा-दूध-भाजी १६,०००, प्रवास ४,०००, वीज-गॅस-फोन ४,०००, शाळा ९,०००, घरकाम ३,००० आणि औषधोपचार २,५०० धरता येतील. बेरीज ५८,५०० रुपये.

आता वारजे. भाडे २३,०००, किराणा-दूध-भाजी १६,०००, दोन दुचाकींचे पेट्रोल, देखभाल आणि विमा मिळून ६,०००, वीज-गॅस-फोन ४,०००, शाळा १०,०००, घरकाम ३,५००, औषधोपचार २,५००. शिवाय एक नवी ओळ येते, ती मुंबईतील आई-वडिलांकडे आणि कार्यप्रसंगी होणाऱ्या फेऱ्यांची. त्यासाठी ३,००० रुपये धरले, तर बेरीज ६८,००० रुपये होते.

म्हणजे वारज्याचे हेच घर अंधेरीकराला महिन्याला १६,५०० रुपयांनी स्वस्त पडते आणि डोंबिवलीकराला ९,५०० रुपयांनी महाग. ‘पुणे मुंबईपेक्षा स्वस्त आहे का?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही, ते यामुळेच. ज्या दारातून निघायचे आणि ज्या दारात पोहोचायचे, त्या दोन दारांमधीलच तुलना खरी.

वाहन आणि वेळ

वरच्या हिशेबात प्रवासाचा खर्च वारज्यात वाढलेला दिसतो, तो योगायोगाने नव्हे. मुंबईची लोकल गर्दीची, दमविणारी. पण अंतराच्या मानाने तिचा पास अत्यंत स्वस्त. पुण्यात तशी उपनगरी रेल्वे शहराच्या अंतर्भागात नाही. पीएमपीची बससेवा आहे. १ जून २०२५ पासून तिचा दैनिक पास ७० रुपयांचा आणि मासिक पास १,५०० रुपयांचा झाला. पूर्वी तो अनुक्रमे ४० आणि ९०० रुपये होता. वनाज येथून मेट्रो २०२२ पासून धावते. परंतु वारज्याहून वनाजपर्यंत पोहोचण्याची सोय आधी करावी लागते. नळ स्टॉप-वारजे-माणिकबाग या मेट्रो मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी नोव्हेंबर २०२५ मध्ये मिळाली. मंजुरी आणि प्रत्यक्ष गाडी यांत काही वर्षांचे अंतर असते. घरमालकाने मेट्रोच्या नावाने भाडे आजच वाढवून सांगितले, तर भाडेकरूने ते सोयीसाठी देण्याचे कारण नाही.

त्यामुळे वारज्यात राहणाऱ्या नोकरदाराला बहुधा दुचाकी घ्यावीच लागते, आणि दोघेही नोकरीला असतील तर दोन. हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान उद्यान महामार्गाने १५ ते १८ किलोमीटर. रोजचे जाऊन-येऊन ३२ किलोमीटर आणि महिन्याचे २२ दिवस धरले, तर ७०० किलोमीटरहून अधिक धाव होते. दुचाकी लिटरला ४५ किलोमीटर जात असेल, तर सुमारे १६ लिटर पेट्रोल. पैशांत हा आकडा मोठा नाही. पावसाळ्यातील चार महिने, महामार्गावरील जड वाहने आणि अपघाताचा धोका यांचा हिशेब मात्र पेट्रोलच्या पावतीवर येत नाही.

वेळेचा हिशेब त्याच कसोटीने करावा. डोंबिवलीहून फोर्टला जाणाऱ्याचे घर ते कार्यालय आणि परत असे रोज सुमारे तीन तास जात असतील आणि वारज्याहून हिंजवडीला दीड तास, तर महिन्याच्या २२ दिवसांत ३३ तास वाचतात. मुलांच्या अभ्यासाला, वृद्ध माता-पित्यांना किंवा नुसत्या झोपेला मिळणारे ते ३३ तास ९,५०० रुपयांच्या तोलाचे आहेत काय, हे त्या त्या कुटुंबाने ठरवायचे आहे. काहींना ते निश्चितच तसे वाटतील. परंतु नोकरी खराडीत किंवा हडपसरला असेल, तर सारे पुणे ओलांडून जावे लागते आणि वाचलेला वेळ पुन्हा खर्ची पडतो. म्हणूनच घर पाहण्यापूर्वी कार्यालय कोठे, हे निश्चित असावे, आणि घर ते कार्यालय हा प्रवास रविवारी दुपारी नव्हे, तर सोमवारी सकाळी एकदा करून पाहावा.

एकदाच होणारे खर्च

महिन्याच्या तुलनेत न दिसणारा दुसरा भाग म्हणजे स्थलांतराचा खर्च. सामान हलविण्यासाठी २५,०००, दलाली म्हणून एका महिन्याचे भाडे २३,०००, दुसरी दुचाकी १,००,०००, शाळेचा नवा प्रवेश, गणवेश व पुस्तके २५,००० आणि किरकोळ जोडण्यांचे ७,००० धरले, तर १,८०,००० रुपये होतात. अनामत रक्कम परत मिळणारी असल्याने ती यात धरलेली नाही. पण तेवढे पैसे हाताशी असावे लागतात.

अंधेरीहून येणाऱ्या कुटुंबाची बचत महिन्याला १६,५०० रुपये. या दराने १,८०,००० रुपये भरून निघण्यास सुमारे ११ महिने लागतात. भाडेकरारही बहुधा ११ महिन्यांचाच असतो. म्हणजे पहिला करार संपेपर्यंत या स्थलांतरातून एक रुपयाही शिल्लक पडलेला नसतो आणि नूतनीकरणाच्या वेळी भाडे वाढते ते निराळेच. वर्ष-दीड वर्षाच्या नेमणुकीवर येणाऱ्याने संपूर्ण बिऱ्हाड हलविण्यापूर्वी हा मुद्दा ध्यानात घ्यावा.

कराराबाबत एक गोष्ट सांगितली पाहिजे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक असून, नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. मुद्रांक शुल्क कराराच्या मुदतीतील एकूण भाडे आणि अनामत रकमेवरील दहा टक्के वार्षिक दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का एवढेच असते. २३,००० रुपये भाडे, ११ महिने आणि ७०,००० रुपये अनामत असल्यास ते साधारण ६५० रुपये होते. शहरी भागातील नोंदणी शुल्क १,००० रुपये. एवढ्या रकमेपायी करार नोंदविला नाही, तर अनामत परत मिळविताना हाती पुरावा राहत नाही.

भाड्याखेरीज सोसायटीचा देखभाल खर्च कोण देणार आणि त्यात पाण्याच्या टँकरचा वाटा किती, हे लेखी ठरवून घ्यावे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही धरणे पुण्याच्या पश्चिमेस आहेत आणि महापालिकेचे एक जलशुद्धीकरण केंद्र खुद्द वारज्यातच आहे. तरीही प्रत्येक सोसायटीला उन्हाळ्यात पुरेसे पाणी मिळतेच असे नाही. मागील एप्रिल-मे महिन्यांतील टँकरची बिले पाहावयास मागणे, हा त्यावरील साधा उपाय होय.

घर विकत घेणाऱ्यांसाठी

भाड्याने राहणे आणि घर घेणे यांचे हिशेब वेगळे. मुंबई महापालिकेच्या हद्दीत खरेदीखतावरील मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह सहा टक्के, तर पुणे महापालिकेच्या हद्दीत सात टक्के आहे. घर स्त्रीच्या नावे असल्यास एक टक्का सवलत मिळते. ८० लाखांच्या घरावर एका टक्क्याचा फरक ८०,००० रुपयांचा होतो.

मालमत्ता कराचीही तऱ्हा निराळी. मुंबई महापालिका क्षेत्रातील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ मध्ये मालमत्ता कर माफ झाला. पुण्यात अशी सरसकट माफी नाही. मात्र मालक स्वतः राहत असलेल्या घरासाठी ४० टक्क्यांची जुनी सवलत आहे. मध्यंतरी काढून घेतलेली ही सवलत २०२३ मध्ये पुन्हा लागू झाली. तिच्यासाठी ‘पीटी-३’ अर्ज पुराव्यासह द्यावा लागतो. मुंबईचे छोटे घर विकून वारज्यात मोठे घर घेणाऱ्याने शून्यावरून काही हजारांवर जाणारी ही ओळ वहीत आधीच लिहून ठेवावी.

कोणत्या भागातील घराचे सरकारी मूल्य किती, हे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यांत विभागवार पाहता येते. त्यावरून प्रत्यक्ष बाजारभाव कळत नसला, तरी दोन वस्त्यांमधील तफावतीचा अंदाज निश्चित येतो.

पगाराची बाजू

आतापर्यंत खर्चाचा विचार झाला. परंतु बहुतेक कुटुंबांचे गणित बिघडते ते जमेच्या बाजूस.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना शहराच्या वर्गानुसार घरभाडे भत्ता मिळतो. लोकसंख्या ५० लाख किंवा अधिक असलेली नागरी क्षेत्रे ‘एक्स’ वर्गात मोडतात. २०११ च्या जनगणनेत पुणे नागरी क्षेत्राने ही मर्यादा नुकतीच ओलांडली आणि २०१५ मध्ये त्याची ‘वाय’मधून ‘एक्स’ वर्गात बढती झाली. तेव्हापासून मुंबईहून पुण्यास बदली झाली, तरी भत्त्याचा दर तोच राहतो. जानेवारी २०२४ पासून तो मूळ वेतनाच्या ३० टक्के आहे. मात्र १९६२ च्या आयकर नियमांनी घरभाडे भत्त्यावरील सवलतीसाठी ५० टक्क्यांची मर्यादा केवळ मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई यांना दिली होती. पुणे ४० टक्क्यांच्या यादीतच राहिले. एकाच सरकारच्या दोन नियमांत पुण्याचा दर्जा असा वेगवेगळा होता. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून अमलात येत असल्याने जुन्या करपद्धतीची निवड करणाऱ्यांनी नवे नियम पाहूनच हिशेब करावा.

खासगी क्षेत्रात असा ठराविक दर नाही. काही कंपन्या शहर बदलल्यावर वेतनाची पुनर्रचना करतात. बदलीचे पत्र हाती पडल्यावर वार्षिक एकूण आकडा न पाहता दरमहा हातात पडणारी रक्कम विचारून घ्यावी.

आणि सर्वांत मोठी बाब दुसऱ्या पगाराची. स्थलांतर बहुधा एकाच्या नोकरीसाठी होते. दुसऱ्याला, म्हणजे अजूनही बहुतेक वेळा पत्नीला, नोकरी सोडावी लागते. ‘पुण्यात मिळेल की दुसरी’ असे म्हटले जाते. ती मिळते, पण लगेच मिळेलच असे नाही. वरच्या उदाहरणात तिचा पगार ३०,००० रुपये धरला, तर अंधेरीकराची महिन्याची १६,५०० रुपयांची बचत जाऊन १३,५०० रुपयांची तूट येते. सहा महिने नोकरी मिळाली नाही, तर बुडालेले उत्पन्न १,८०,००० रुपये होते. स्थलांतराच्या एकदाच होणाऱ्या खर्चाएवढेच. शिवाय खंडित झालेली सेवा, भविष्य निर्वाह निधीतील वाटा आणि ग्रॅच्युइटीसाठी लागणारी सलग वर्षे यांचे नुकसान पुढे अनेक वर्षे जाणवते. भाड्यातील फरकावर घरात तासन् तास चर्चा होते आणि या रकमेचा उल्लेखही होत नाही, असे अनेक घरांत घडते. वहीतील पहिली ओळ भाड्याची असली, तरी दुसरी हीच असावयास हवी.

वृद्धांचा प्रश्नही असाच. आई-वडील मुंबईतच राहणार असतील, तर अचानक जाण्या-येण्याचा खर्च धरावा लागतो. द्रुतगती महामार्गाचा मोटारीसाठीचा पथकर १ एप्रिल २०२३ पासून एका बाजूस ३२० रुपये झाला. ते बरोबर येणार असतील, तर त्यांचे नेहमीचे डॉक्टर बदलतात. वारज्यात माई मंगेशकर रुग्णालय आहे, एरंडवण्याची मोठी रुग्णालयेही फार दूर नाहीत. परंतु चालू आरोग्य विम्याची रोखविरहित सोय नव्या ठिकाणच्या कोणत्या रुग्णालयांत आहे, हे निघण्यापूर्वीच पाहिलेले बरे.

राज्याची सीमा ओलांडताना

वारज्यावरून जाणारा महामार्ग दुसऱ्या बाजूस बंगळूरला जातो आणि पुण्यातील अनेक तरुण कुटुंबे त्या दिशेने निघतात. मुंबई-पुणे स्थलांतरात राज्य तेच राहते, त्यामुळे बऱ्याच गोष्टी सुकर होतात. राज्य बदलले, की वहीत नव्या ओळी येतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार वाहन दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथे पुन्हा नोंदणी करावी लागते आणि त्या राज्याचा वाहन करही भरावा लागतो. मुलांच्या शाळेतील भाषा बदलते. महाराष्ट्रातील अनेक व्यावसायिक अभ्यासक्रमांत राज्याच्या वाट्याच्या जागांसाठी दहावी-बारावी राज्यातून केल्याची किंवा अधिवासाची अट असते. आठवी-नववीतील मुलाला घेऊन परराज्यात जाणाऱ्या पालकांनी पगारवाढीच्या आनंदात ही अट विसरू नये.

निर्णयापूर्वी

या साऱ्यातून निघणारी कार्यपद्धती अवघड नाही. प्रथम चालू घरातील तीन महिन्यांचा प्रत्यक्ष खर्च ओळवार लिहावा. त्या प्रत्येक ओळीपुढे नव्या वस्तीतील आकडा स्वतः विचारून भरावा. भाड्यासाठी निदान तीन घरे पाहावीत, शाळेत जाऊन वर्षभराचे संपूर्ण शुल्क विचारावे, शेजाऱ्यांकडून घरकामाचा दर जाणून घ्यावा. एकदाच होणारा खर्च स्वतंत्र पानावर मांडून तो किती महिन्यांत भरून निघेल ते काढावे. दुसरा पगार सहा महिने आला नाही तर काय, याचा ताळा वेगळा करावा.

शक्य असेल तेथे परतीचा मार्गही मोकळा ठेवावा. मुंबईतील घर स्वतःचे असेल, तर ते लगोलग विकण्याऐवजी पहिली अकरा महिने भाड्याने द्यावे आणि वारज्यात भाड्याने राहून पाहावे. एक पावसाळा, एक उन्हाळा आणि एक शालेय वर्ष गेले, की नव्या जागेचा खरा खर्च वहीत उतरलेला असतो. घर विकण्याचा किंवा विकत घेण्याचा निर्णय त्या वहीवरून घ्यावा.